चर्र

तांदूळ आजऱ्याचा घनसाळ, तोही जुना,
रात्रभर भिजवलेला.
विजयमाला म्हणाली, "असला वासाचा तांदूळ
घावनाला वाटायला आपण काय कारखानदार?"
घावन नव्हे, म्हणालो.
"मग?"
बान एओ.
"बाण? बाण कसला मारताय सकाळी सकाळी!"

उद्यमनगरात एकतीस वर्षं
ग्राइंडरखाली लोखंड किंचाळत होतं
आणि मी त्याच्या अंगावर वाकलेलो.
बारीक आवाज आधी गेले:
चिमण्या, कुकरची शिट्टी, नातीचे पैंजण.
मग शब्दांतला स, मागोमाग श.
साखर म्हटलं की मला आखर.
सून घरात आली, तेव्हा मला
ऊन घरात आलं असं ऐकू आलं,
त्यात काही बिघडलं नाही.

दानांगच्या बाजूला सात महिने होतो,
उसाच्या घाण्याचे रोलर बसवायला.
घरमालकीण थुई फाटकाबाहेर बसायची,
तीन शेगड्या, तीन तवे,
हळदीनं पिवळं पीठ, त्यात नारळाचं दूध,
वर कोळंबी, डुकराची पातळ कापं, मोडाचे मूग.
अर्धं दुमडून पाल्यात गुंडाळून हातावर ठेवायची.
भाषा नव्हती आमच्यात. भूक होती.
शेवटच्या आठवड्यात डाव माझ्याकडे दिला
आणि दरवेळी, ओतायच्या ऐन वेळी,
मनगटावर काडी मारायची.
मला वाटायचं, धूर बघत असेल.

इथं डुकराचं नाव काढायची सोय नाही.
कोळंबी मालवणच्या गाडीची,
लक्ष्मीपुरीत बर्फातून उतरलेली.
मूग कपिलतीर्थातले, पुदिना तिथलाच,
पाला म्हणून कोबीची आतली पानं.
माशाच्या अर्काची बाटली बनियनात गुंडाळून आणली होती,
ती आधी गॅलरीत चपलांशेजारी गेली,
मग गेलीच.
म्हणून सुकटीचं पाणी, लिंबू, लसूण, मिरची,
आणि गूळ. गुळाला इथं काय तोटा.

पहिलं चिकटलं.
दुसरं उलथन्याला लोंबलं.
तिसरं खालच्या कुत्र्यानं हुंगून सोडून दिलं.
मी उलथन्याचं पातं तव्याला टेकवलं
आणि दांडा कानामागच्या हाडाला,
बेअरिंग तपासायचो तसा.
हाड तेवढं गरम झालं.

देवयानी मोबाईलमध्ये शोधून आली,
कानाशी ओरडली, मला काही कळेना.
शेवटी ओट्यावर सांडलेल्या पिठात
बोटानं स काढला.
एओ नाही आजोबा. सेओ.
तव्यावर पीठ पडलं की होतो ना, तो आवाज.
आपलं चर्र.

सात महिने मी त्याला हाक मारत होतो
पहिलं अक्षर गाळून.
आणि ती काडी.
थुईला कधी कळलं असेल?

"सरका," विजयमाला म्हणाली.
मग म्हणाली, "नको. उभं राहा तिथंच.
ओता तुम्ही. मी ऐकतो."
कोल्हापूरची आहे, ऐकतो म्हणते, येतो म्हणते,
माहेराहून भांडत आली तरी आलो म्हणते.
माझ्याकडे पाठ करून पुदिना निवडायला लागली.
तव्यावर पाण्याचा थेंब टाकला मी.
"नुसतं फुसफुसतंय. थांबा."
थांबलो.
"आत्ता."

ओतलं, तवा फिरवला,
कडेला जाळी धरली, कोळंबी आखडून लाल झाली.
झालं?
"बोलतंय अजून."
झालं?
"पुटपुटतंय."
पुदिन्याचा हात मध्येच थांबला तिचा.
"गप्प झालं बघा. दुमडा."

कड कुरकुरीत. ती मात्र मला ऐकू आली,
दातांतून, जबड्यातून, थेट.
विजयमालानं कांदा-लसणाची चटणी लावून खाल्लं,
माझ्या गुळाच्या पाण्याकडे बघितलंही नाही.
"घावनच आहे," म्हणाली, "मीठ कमी."
मग पिठात डाव बुडवून अंदाज घेतला,
म्हणाली, आत होतील अजून.
किंवा सात.
मी तेल सोडलं.